सर्व्हरचा कारभारी कोण?

(जामसर, ता. जव्हार येथे संस्थाचालक, शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द आज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांत पोचले आहेत. रास्तभाव दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, सात-बाराचा उतारा निघत नाही, दाखल्याचा अर्ज पुढे सरकत नाही. कारण प्रत्येक वेळी हेच. भातलावणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आलेला माणूस ते ऐकतो आणि परत फिरतो. वाद घालायलाही समोर कोणी नसते. पूर्वी ‘साहेब नाहीत’ असे उत्तर मिळे, तेव्हा निदान साहेब कोण हे ठाऊक असे. सर्व्हर कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, तो का बंद पडला आणि सुरू करण्याची जबाबदारी कोणाची, यांतले काहीच त्या माणसाला ठाऊक नसते. पुष्कळदा उत्तर देणाऱ्यालाही नसते.

शासनाचे सर्व्हर दूर आहेत आणि त्यांच्याविषयी जामसरमध्ये बसून फारसे करता येणार नाही. पण आता आपल्या भागातल्या पतसंस्था, वसतिगृहे, शाळा, दवाखाने आणि व्यापारी पेढ्या स्वतःचे छोटे सर्व्हर बसवू लागल्या आहेत. म्हणजे उद्या तेच तीन शब्द ठेवीदाराला, पालकाला किंवा रुग्णाला आपल्याच संस्थेच्या खिडकीतून ऐकू येऊ शकतात. त्या दिवशी ‘वर’ बोट दाखवण्याची सोय राहणार नाही. म्हणून सर्व्हर म्हणजे काय, तो कसा उभा करावा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कसा सांभाळावा, हे संस्था चालवणाऱ्या माणसाने, तो संगणकतज्ज्ञ नसला तरी, समजून घेतले पाहिजे.

सर्व्हर या शब्दाचा सरळ अर्थ सेवा करणारा, सेवेकरी. तो दिसायला वेगळा असतोच असे नाही. साधा संगणकही सर्व्हर होऊ शकतो. त्याला सर्व्हर बनवते ती त्याच्यावर चालणारी कार्यप्रणाली. घरच्या संगणकाची कार्यप्रणाली एका माणसापुढे बसलेल्या नोकरासारखी असते: मालक सांगेल ते करायचे. सर्व्हरची कार्यप्रणाली एकाच वेळी अनेकांची कामे ऐकते, मागणारा कोण आहे हे ओळखते, त्याला ते पाहण्याचा अधिकार आहे की नाही हे ठरवते, आणि कोणी केव्हा काय मागितले याची नोंद ठेवते. घरगुती विंडोजवरही फाइली वाटून घेता येतात, परंतु तिच्याशी एका वेळी वीसहून अधिक यंत्रे जोडता येत नाहीत आणि अधिकारांची शिस्त तिच्यात एका जागी बांधता येत नाही. चार संगणकांच्या पेढीला तेवढे पुरते. संस्था वाढली की पुरत नाही.

मराठी राज्यकारभाराची ओळख असलेल्या श्रोत्यांना ही कल्पना नवी वाटू नये. पोतनिसाकडे रोकड, चिटणिसाकडे पत्रव्यवहार, फडणिसाकडे हिशेबाची तपासणी. जो पैसे देतो तोच हिशेब तपासत नाही, आणि जो पत्र लिहितो त्याच्याकडे तिजोरीची किल्ली नसते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आजही आहेत. ते बांधणारी माणसे केव्हाच गेली, पण बांधण्याची रीत माणसावर अवलंबून नव्हती, म्हणून कागद अजून सापडतो. सर्व्हरची कार्यप्रणाली हे असेच दप्तर आहे. आपल्याकडील अनेक संस्थांनी मात्र यंत्र घेतले आणि दप्तराची शिस्त घेतली नाही. एकच पासवर्ड सगळ्यांना ठाऊक, तो पडद्याच्या कडेला चिकटवलेला, आणि शिपायापासून अध्यक्षापर्यंत सारे एकाच नावाने आत शिरणारे. अशा सर्व्हरवर पैशाची अफरातफर झाली तर यंत्र फक्त एवढेच सांगू शकेल की ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ने ती केली.

या क्षेत्रात आज मुख्यतः दोन घराणी आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स ही कार्यप्रणाली जन्मली. तिच्या विचारावर आधारलेली लिनक्स फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केली आणि जगभरच्या लोकांनी मिळून वाढवली. दुसरे घराणे मायक्रोसॉफ्टचे. १९९३ मध्ये विंडोज एनटी आली, आणि विंडोज २००० या आवृत्तीबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली. संस्थेतली सारी माणसे, यंत्रे आणि त्यांचे अधिकार यांची ही एकत्रित वही. या वहीमुळेच कारखाने, बँका आणि कार्यालये यांत विंडोज सर्व्हर पक्का रुजला. लिनक्सवर हेच काम सांबा नावाची प्रणाली करते. डिसेंबर २०१२ मध्ये तिची चौथी आवृत्ती आल्यापासून ती विंडोजच्या यंत्रांना तशीच वही पुरवू शकते.

यांतले कोणते घ्यावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी विचारला जातो. विंडोज सर्व्हरला परवान्याचे पैसे पडतात; नेहमीच्या आवृत्तीत यंत्राच्या परवान्याखेरीज वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा उपकरणामागे वेगळा परवाना लागतो. लहान संस्थांसाठी ‘इसेन्शियल्स’ नावाची आवृत्ती नव्या सर्व्हर यंत्राबरोबर मिळते; तिच्यात पंचवीस माणसे आणि पन्नास उपकरणे यांच्यापर्यंत वेगळे परवाने लागत नाहीत. शिकण्यासाठी एकशेऐंशी दिवसांची चाचणी-प्रतही अधिकृतपणे मिळते. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्या विनामूल्य आहेत. त्यांचा खर्च माणसाच्या ज्ञानावर होतो, आणि ते ज्ञान जव्हारमध्ये सहज मिळत नसेल तर तो खर्च लहान नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर प्रश्न तेथेच मिटतो. नसेल, आणि लिनक्स जाणणारा एखादा तरुण संस्थेशी जोडलेला असेल, तर डेबियनवर उभा केलेला फाइल-सर्व्हर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो.

तिसरा मार्ग चोरीच्या प्रतीचा. तो अनेकांनी पत्करलेला आहे आणि त्याविषयी सभ्य लोक बोलत नाहीत. प्रामाणिकपणाचे सुविचार भिंतीवर लावणाऱ्या संस्थेच्या आतल्या खोलीत कुलूप फोडून आणलेली कार्यप्रणाली चालू असते. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी, परवान्याची तपासणी चुकवण्यासाठी वापरले जाणारे ते छोटे आज्ञावलीचे तुकडे कोणी लिहिले आणि त्यांत आणखी काय दडवले आहे हे कोणालाच माहीत नसते. ठेवीदारांचा पैसा ज्या यंत्रावर आहे त्याची किल्ली अशा रीतीने अनोळखी माणसाला दिली जाते.

स्वदेशीचा मुद्दा या श्रोतृवर्गापुढे आल्यावाचून राहणार नाही. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवला, हे महाराष्ट्राला अभिमानाने ठाऊक आहे. त्याच सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, ही कार्यप्रणाली दिली. हे काम मोलाचे आहे. पण यंत्रावर देशी नाव आले म्हणून यंत्र सुरक्षित होत नाही. आज्ञावली उघडी आहे, ती वाचता येते, दुरुस्त करता येते, ही खरी स्वातंत्र्याची बाजू. ती वाचणारा आणि दुरुस्त करणारा माणूस आपल्या तालुक्यात तयार झाला तरच तिचा उपयोग. नाहीतर परदेशी कंपनीवरचे अवलंबित्व जाऊन शहरातल्या एखाद्या पुरवठादारावरचे अवलंबित्व येते, एवढाच फरक.

खेड्यापर्यंत जाळे नेण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात पूर्वीच झालेला आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावांसाठी वारणा प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासन, राज्य शासन, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि वारणेची सहकारी चळवळ असे सारे त्यात होते. गावोगावी संगणक-केंद्रे उघडली गेली. ऊसतोडीची पाळी, उसाचे वजन, खतांची उचल, देणी यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी ही कल्पना होती आणि ती शेतकऱ्यांना पटली. पण गावोगावचे संगणक सांभाळणे महाग पडू लागले. वीज, धूळ, बिघाड आणि दुरुस्तीला येणारा माणूस, सारेच. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत एक पर्याय करून पाहिला: संगणकाऐवजी साधा मोबाइल, आणि लघुसंदेशाने मागितलेली माहिती. ती पुरेशी ठरली. शेतकऱ्याला हवे होते उसाचे वजन. ते कोणत्या पेटीतून येते याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. जामसरसाठी यातून घेण्यासारखे एवढे, की टोकाची यंत्रे जितकी साधी तितकी बरी, आणि माहितीची वही एकाच ठिकाणी, नीट सांभाळलेली हवी.

आता ती वही उभारण्याकडे वळू. समजा, दहा-बारा संगणकांची एक पतसंस्था किंवा वसतिगृह आहे. पहिला विचार जागेचा. जव्हारच्या डोंगरावरचा पाऊस सर्वांना माहीत आहे. ओल, बुरशी आणि वीज कडाडणे हे येथे सर्व्हरचे पहिले शत्रू आहेत, संगणकीय विषाणू नंतरचे. खोलीला बाहेरची भिंत नको, खिडकीखाली यंत्र नको, जमिनीवर तर नकोच. अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय यंत्राला वीज जोडू नये. बिनखंड वीज देणारा यूपीएस लागतोच. पण यूपीएस घेऊन काम संपत नाही. त्याची एक तार सर्व्हरला जोडून अशी व्यवस्था करावी लागते की बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून, सारे काम जतन करून, शांतपणे बंद होईल. ही तार डब्यातच पडून राहते. मग आषाढात चार तास वीज गेली की सर्व्हर मध्येच मरतो, आणि हिशेबाची फाइल अर्धी लिहिलेली राहते.

दुसरे, दोन डिस्का. एकीवर जे लिहिले जाईल तेच दुसरीवर त्याच क्षणी लिहिले जावे, म्हणजे एक बिघडली तरी काम थांबत नाही. येथे फार मोठा गैरसमज होतो. जोड-डिस्क म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीवरून त्याच क्षणी पुसली जाते. राखीव प्रतीविषयी पुढे येईलच.

तिसरे, नाव आणि पत्ता. सर्व्हरला जाळ्यावर कायमचा पत्ता द्यावा, तो बदलता नसावा. नाव साधे, कामावरून दिलेले असावे. देवादिकांची आणि नेत्यांची नावे द्यायचा मोह होतो, पण तीन वर्षांनी आलेल्या नव्या माणसाला कोणते यंत्र काय करते हे नावावरून कळले पाहिजे. इतर संगणकांना पत्ते वाटण्याचे आणि नावावरून पत्ता शोधण्याचे काम सर्व्हरकडेच सोपवता येते. हे सारे पत्ते एका वहीत, होय, कागदाच्या वहीत, लिहून ठेवावेत. कारण सर्व्हर बंद पडेल तेव्हा सर्व्हरवर ठेवलेली वही उघडणार नाही.

चौथे, माणसे. प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड. अधिकार माणसाला न देता गटाला द्यावेत: रोखपाल, लिपिक, अधीक्षक, शिक्षक. माणूस बदलला की त्याला एका गटातून काढून दुसऱ्यात घालायचे, एवढेच काम उरते. कोणालाही त्याच्या कामापुरतेच दिसावे. वसतिगृहाच्या सर्व्हरवर मुलांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, आजारपणाच्या नोंदी असतात; वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांनी विश्वासाने दिलेले हे कागद आहेत. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्यात मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण दिले. कायदा नसता तरी ही माहिती सर्वांना उघडी ठेवणे योग्य नव्हते. आणि सर्वाधिकारी खाते, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर किंवा लिनक्सवरील रूट, रोजच्या कामाला वापरू नये. देवघराची किल्ली कोणी खिशात घालून बाजारात जात नाही.

येथपर्यंतचे काम एका आठवड्यात होते. पुरवठादार बिल घेऊन जातो, उद्घाटन होते, नारळ फुटतो. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि त्या कामासाठी अंदाजपत्रकात बहुधा एक रुपयाही ठेवलेला नसतो.

त्या कामाचा पहिला भाग दुरुस्त्यांचा. कार्यप्रणालीत उणिवा सापडत राहतात आणि कंपनी त्यांवर दुरुस्त्या पाठवत राहते. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. १४ मार्च २०१७ रोजी अशी एक दुरुस्ती आली. फाइली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतले भगदाड तिने बुजवले होते. १२ मे २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी, ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू त्याच भगदाडातून जगभर पसरला. ब्रिटनमधील रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक सापडले. ज्यांनी मार्चची दुरुस्ती लावली होती त्यांच्या यंत्रांत हे भगदाड उरलेच नव्हते. दोन महिने पुरेसे नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही.

लगेच पुढच्या महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आला, आणि तो महाराष्ट्राच्या दारात येऊन पोचला. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. डेन्मार्कच्या या कंपनीला जगभरातले सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. पण उभे करायचे तर आधी ती वही हवी: कोण माणूस, कोणते यंत्र, कोणाला कोणता अधिकार. तिच्या सुमारे दीडशे प्रती जगभरच्या सर्व्हरांवर होत्या आणि त्या एकमेकींशी सतत जुळवून घेत असत. म्हणून वेगळी राखीव प्रत ठेवण्याची गरज वाटली नव्हती. विषाणूने सगळ्या एकदमच पुसल्या. शोध घेता घेता आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात एक प्रत शाबूत सापडली. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटला होता! तेथली तार-जोडणी इतकी मंद होती की ती प्रत तारेवरून पाठवणे अशक्य; शेवटी डिस्क हातात घेऊन माणसाने विमानाने न्यावी लागली. जगातल्या बलाढ्य जहाज-कंपनीला खंडित विजेने वाचवले. जव्हारकरांनी यावरून विजेच्या खेळखंडोब्याचे समर्थन करू नये. पण जाळ्यापासून तुटलेली एक प्रत किती मोलाची असते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

म्हणून राखीव प्रतीचा नियम साधा आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. जामसरच्या संस्थेसाठी त्याचा अर्थ असा: एक प्रत सर्व्हरवर, दुसरी रोज रात्री आपोआप उतरणारी, वेगळ्या डिस्कवर, तिसरी आठवड्यातून एकदा घेतलेली, कूटबद्ध केलेली आणि तार काढून दुसऱ्या गावच्या कपाटात ठेवलेली. दोन डिस्का आलटून पालटून वापरल्या की झाले. इंटरनेटवरून दूरच्या केंद्रात प्रत ठेवण्याची सोय आता स्वस्त आहे, तीही जरूर घ्यावी. परंतु पावसाळ्यात जोडणी आठ-आठ दिवस रडत असेल तर केवळ तिच्यावर विसंबू नये.

तिसरा भाग कालबाह्यतेचा, आणि हा फार दुर्लक्षित. कार्यप्रणालीला आयुष्य असते. विंडोज सर्व्हर २००३ च्या दुरुस्त्या जुलै २०१५ मध्ये थांबल्या, २००८ च्या जानेवारी २०२० मध्ये, २०१२ च्या ऑक्टोबर २०२३ मध्ये. लिनक्सकडेही हाच न्याय. देशातील असंख्य कार्यालयांत वापरली गेलेली सेंटओएस सात ३० जून २०२४ रोजी संपली. यंत्र चालू असते, दिवे लुकलुकत असतात, म्हणून संस्थेला वाटते सारे ठीक आहे. प्रत्यक्षात त्या दिवसापासून प्रत्येक नवे भगदाड कायमचे उघडे राहते. सर्व्हर घेतानाच त्याच्या कार्यप्रणालीची अखेरची तारीख इतिवृत्तात लिहावी आणि त्याआधीच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बदलीची तरतूद करावी.

ही भीती काल्पनिक नाही. १९०६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घराघरांत ठाऊक आहे. ऑगस्ट २०१८ च्या ११ आणि १३ तारखेला तिच्यावर हल्ला झाला. एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचण्याआधीच एक तोतया यंत्रणा ‘पैसे द्या’ असे उत्तर देऊ लागली. अठ्ठावीस देशांतील एटीएमांतून काही तासांत पैसे निघाले. नंतर आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून हाँगकाँगच्या एका खात्यात १३.९२ कोटी रुपये वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या शासकीय संस्थांनी आशिया-आफ्रिकेतील अशा एटीएम-चोऱ्यांविषयी इशारा दिला. त्यात म्हटले होते की, ज्या सर्व्हरांत घुसखोरी झाली त्या सर्वांवर कार्यप्रणालीच्या मुदत संपलेल्या आवृत्त्या चालू होत्या. बँकेने आपला तोटा सोसला; पुणे न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवले. शतकाची परंपरा, शहरातले मनुष्यबळ आणि पैसा असलेल्या बँकेची ही कथा. तालुक्याच्या पतसंस्थेला एवढा धक्का सोसणार नाही.

यावर उपाय म्हणून सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे सोपवावा, असे म्हणणारेही आहेत. ते चूक नाही; पण त्यात काय घडू शकते तेही पाहावे. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाला आणि राष्ट्रीय देयक महामंडळाने खबरदारी म्हणून तिला देशाच्या देयक-जाळ्यापासून तोडले. देशभरातील सुमारे तीनशे लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली, पैसाही बुडाला नाही. तरी त्या दिवशी त्या तीनशे बँकांच्या खिडकीवर उभ्या असलेल्या ग्राहकाला कोणते तीन शब्द ऐकावे लागले असतील, हे सांगायला नको. काम बाहेर देता येते. ग्राहकापुढे उभे राहण्याची जबाबदारी मात्र बाहेर देता येत नाही; करार करताना बंद पडल्यास किती वेळात सुरू होईल, माहितीची प्रत संस्थेला केव्हा आणि कोणत्या स्वरूपात मिळेल, हे लिहून घेणे हाच काय तो मार्ग.

नोंदींविषयी थोडेच. कोण केव्हा आत आले, कोणाचा पासवर्ड किती वेळा चुकला, हे सर्व्हर लिहून ठेवतो. ते वाचणारा कोणी नसतो. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार गंभीर सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, नोंदी एकशेऐंशी दिवस जपाव्या लागतात आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवावी लागतात. घड्याळाची गोष्ट किरकोळ वाटते. परंतु ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की यंत्र माणसाला ओळखतच नाही, आणि सकाळी दहाला सारी संस्था दाराबाहेर उभी राहते. कारण शोधण्यात दिवस जातो. कारण असते मदरबोर्डावरची संपलेली गोल बॅटरी.

हे सारे करायचे कोणी, हा शेवटचा प्रश्न, आणि खरे तर पहिला. संस्थेच्या कार्यकारिणीत सर्व्हरसाठी एका माणसाचे नाव ठरावाने लिहिले गेले पाहिजे, आणि त्याच्या मदतीला दुसऱ्याचे. एकच माणूस जाणता असेल तर तो नाशिकला नोकरी मिळून गेला की संस्था आंधळी होते; असे घडलेले आहे आणि पासवर्डासाठी त्याच्या घरी फोन करत बसावे लागलेले आहे. सर्वाधिकारी पासवर्ड बंद लिफाफ्यात, दोघांच्या सह्यांनिशी, तिजोरीत असावा आणि माणूस बदलताच तो बदलला जावा. हा कारभारी अभियंता असण्याची गरज नाही. जव्हारच्या महाविद्यालयात शिकणारा, चौकस आणि लिहून ठेवण्याची सवय असलेला मुलगा किंवा मुलगी हे काम वर्षभरात शिकू शकते. शिकण्यासाठी लागणारे लिनक्स फुकट आहे आणि जुना संगणक कोणाच्याही माळ्यावर पडलेला असतो. त्या जुन्या संगणकावर चुका करू द्याव्यात. खऱ्या सर्व्हरवर नको. त्याला मानधन द्यावे. सेवाभावाच्या नावाखाली हे काम फुकट करून घेतले की ते सवडीने होते, आणि दुरुस्त्या लावायचे दोन महिने सवडीतच निघून जातात.

जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. १९९२ साली याच तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले आणि साऱ्या देशाचे लक्ष जव्हारकडे वळले. बाळाचे वजन वेळेवर लिहिले गेले आहे का, ते योग्य माणसापर्यंत पोचले आहे का, आणि पुढच्या महिन्यात मागचे वजन सापडते का, या प्रश्नांना या भागात किती किंमत आहे हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. ती नोंद वहीत असो की यंत्रात, तिला राखणारा हवा.

तेव्हा आज घरी जाण्यापूर्वी ज्यांच्या संस्थेत सर्व्हर आहे त्यांनी एक गोष्ट ठरवून जावी. येत्या रविवारी दुसऱ्या गावच्या कपाटातली डिस्क आणायची, सर्व्हरला हात न लावता ती वेगळ्या संगणकाला जोडायची आणि मागच्या महिन्यातल्या एखाद्या खातेदाराची किंवा मुलाची एक नोंद तिच्यातून उघडून दाखवायची. अध्यक्षांनी समोर बसावे. नोंद उघडली तर तारीख आणि लागलेला वेळ इतिवृत्तात लिहावा. उघडली नाही, तर तेही लिहावे आणि त्याच सायंकाळी नवी प्रत घ्यावी.